रोजचा वेळ: नियोजन एकट्याचं की सगळ्या घराचं?

मोगरा

नमस्कार मंडळी,

वेळेच्या नियोजनाबद्दल जे सल्ले मिळतात ते बहुतेक एकट्या माणसाला दिलेले असतात. पहाटे उठा, कामांची यादी करा, महत्त्वाचं आधी उरका, फोन लांब ठेवा. यात चुकीचं काहीच नाही. पण ज्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, वेळेवर औषधं लागणारे सासू-सासरे आहेत, नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं आणि नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात, तिथे एकाची यादी दुसऱ्याच्या यादीत अडकलेली असते. सकाळी साडेसहाला मी काय करू शकेन हे त्या वेळी बाकीचे काय करताहेत यावर ठरतं. म्हणून मला ठामपणे वाटतं की वेळ सांभाळायला शिकायचं असेल तर सगळ्या घराने मिळून शिकायला हवं. आणि आधी वेळ जातो कुठे ते बघायला हवं.

आमच्याकडे आम्ही काही दिवस एका वहीत नोंदी ठेवल्या. कोणतं काम, कोणी केलं, कधी सुरू झालं, कधी संपलं, मध्ये उठावं लागलं का. नोंदी दोघांनीही ठेवायच्या, एवढी एकच अट. त्यातून जे दिसलं ते लिहिते.

सकाळची घाई स्वयंपाकामुळे होत नव्हती. पोळ्यांना जो वेळ लागतो तो लागतोच, त्यात फार फरक पडत नाही. घाई व्हायची ती शोधाशोध आणि विचारपूस यामुळे. पीटीचा गणवेश कुठे आहे, बाटली धुतली का, आज डब्यात काय, सही कुठल्या वहीवर करायची. यातलं प्रत्येक काम आदल्या रात्री होऊ शकतं आणि आई सोडून दुसरं कुणीही करू शकतं. नऊ वर्षांचं मूल स्वतःचं दप्तर आणि गणवेश रात्री काढून ठेवू शकतं. आमच्याकडे आता तसंच होतं.

दुसरं म्हणजे भाजी निवडणं आणि भाजी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेथी शिजायला वेळ लागत नाही, निवडायला लागतो. गवार, वालपापडी, शेपू यांचंही तेच. या भाज्या ज्या संध्याकाळी सगळे निवांत बसतात तेव्हा बाहेरच्या खोलीत मध्यभागी ठेवायच्या, म्हणजे चार हात लागतात. हातघाईच्या दिवशी दोडका, कोबी, बटाटा. आठवड्याचा बेत या हिशेबाने लिहून फ्रीजवर लावला की "आज काय करू" हा रोजचा प्रश्न आणि त्यामागचा विचार, दोन्ही वाचतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगाची वाटली. काही कामांना आपली दोनच मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं आपोआप होतं. छोले भिजत घालणं, दही विरजणं, कुकर लावणं, कपडे मशीनला टाकणं. ती दोन मिनिटं राहिली तर मात्र अख्खा बेत बदलावा लागतो. त्यामुळे घरात पाय ठेवला की आधी ही कामं, मग हात गुंतवून ठेवणारी. कुकर लावून कणीक मळायची, उलट नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्या संध्याकाळचा सगळा क्रम त्यावर बदलला.

आता थोडं आकड्यांबद्दल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे आकडे फक्त घरकाम करणाऱ्यांचे आहेत. दिवसभरात असं काही काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे ८१ टक्के होतं आणि पुरुषांचं सुमारे २६ टक्के. जिचे पाच तास असे जातात तिला "रोज तासभर स्वतःसाठी काढ" असं सांगून काय होणार? तो तास कुठून यायचा ते घराने मिळून ठरवायला हवं.

तुम्ही तुमच्या घरी काय करता? कशाचा खरंच उपयोग झाला? नोकरी, शेती, अभ्यास, पाळ्या, सगळ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

कल्याण_फास्ट

छान विषय. मी प्रवासाच्या वेळेबद्दल लिहितो, कारण आमच्यासारख्यांचा दिवस तिथेच जातो.

"लोकलमध्ये वाचन करा" हे सांगणाऱ्याने सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला फास्ट गाडीत चढून बघावं. हात वर करायला जागा नसते, पुस्तक कुठलं उघडणार? तिथे होण्यासारखं काम एकच, ऐकणं. मी भाषणं, बातम्या, मुलीच्या इतिहासाच्या धड्यांची मीच वाचून भरलेली ध्वनिफीत, असं काहीबाही ऐकतो. धडे कानावरून गेले की रात्री तिचा अभ्यास घेताना पुन्हा सगळं वाचत बसावं लागत नाही.

बसून जायचं असेल तर बरेच लोक रिटर्न करतात, म्हणजे डोंबिवलीहून आधी उलट कल्याणला जाऊन तिथून बसून येतात. यात वेळ जास्त जातो हे खरं, पण गाडीत ज्याला अभ्यास करायचाय किंवा रात्रीची झोप भरून काढायचीय त्याला तो जास्तीचा वेळ परवडतो. वेळ वाचवणं आणि वेळ कामी लावणं यातला हा फरक मला रोज दिसतो.

आणखी एक. अगदी काट्यावर पोचवणारी गाडी आपली मानायची नाही, तिच्या आधीची आपली. पावसाळ्यात तर कुर्ला-सायनजवळ रुळांवर पाणी आलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. मध्ये जरा सैल जागा ठेवली नाही तर एका गाडीचा उशीर संध्याकाळपर्यंत मागे लागतो.

घरातल्या वाटणीचं म्हणाल तर मी बारा तास बाहेर असतो, सकाळच्या कामात माझा हात लागू शकत नाही. मग रात्रीची भांडी, ओटा, दुसऱ्या दिवशीची तयारी हे माझं. आणि बिलं, विम्याचे हप्ते, गॅसचं बुकिंग हे सगळं फोनवर होतं, तेही माझ्याकडे.

---

शून्यप्रहर

वाचनखूण साठवली. मोगरा यांच्या वहीला मी एक रकाना सुचवतो: "किती लागेल असं वाटलं होतं?"

कारण आपला अंदाजच कमी पडतो आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे मांडलं की माणूस काम ठरवताना सगळं सुरळीत होईल असं गृहीत धरतो आणि तसलीच कामं आधी किती लांबली होती ते बाजूला ठेवतो. पुढे १९९४ साली कॅनडातल्या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. आणि गंमत म्हणजे, "सगळं काही वाईटात वाईट झालं तर किती?" याचं त्यांनी दिलेलं उत्तरही जेमतेम ४९ दिवसांच्या आसपास होतं. म्हणजे सगळ्यात निराशेचा अंदाजही अपुरा पडला.

उपाय साधा आहे. "किती लागेल?" असं स्वतःला विचारायचं नाही. "मागच्या वेळी किती लागला होता?" असं विचारायचं. सरकारी दाखला काढायला एक खेप पुरेल असं आपल्याला दर वेळी वाटतं. मागच्या वेळी एक झेरॉक्स कमी पडली होती, त्याच्या मागच्या वेळी साहेब जागेवर नव्हते. मग या वेळी दोन खेपा धरूनच रजा टाकायची.

टोमॅटोवाल्या पद्धतीबद्दलही कुणी विचारेल म्हणून सांगतो. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकाच्या शेवटी, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर ती बसवली. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. माझ्या कोडिंगच्या कामाला उत्तम लागू पडते.

---

रमाबाग

@शून्यप्रहर, घरात दोन वर्षांचं मूल असताना २५ मिनिटं सलग कशी मिळणार? माझं दूरशिक्षणातून शिक्षण चालू आहे. सलग वेळ हा माझ्याकडे नाहीच. जो आहे तो तुकड्यांत आहे आणि प्रत्येक तुकड्याची पहिली काही मिनिटं "मी कुठे होते" हे शोधण्यात जातात.

---

शून्यप्रहर

रमाबाग, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. यावरही काम झालंय. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग पहिल्याच कामाशी राहतो आणि दुसरं काम त्यामुळे खालावतं. पुढे २०१८ साली त्यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर यावरचा उपाय तपासला. उठावं लागतंय असं दिसलं की उठण्याआधी घाईघाईत एवढंच लिहायचं: मी इथवर आले आहे आणि परत बसल्यावर अमुक करायचं आहे. एवढ्याने मधल्या कामावरचं लक्षही सुधारलं.

तुम्ही पेन्सिलीने समासातच लिहून ठेवा. "इथपर्यंत कळलं. पुढचं उदाहरण सोडवायचं." मूल रडत असलं तरी एवढं लिहून होतं.

---

रमाबाग

हे करून बघते. मनापासून आभार.

---

आजोळ

अगं मोगरा, चांगलं लिहिलंयस. मी शिक्षिका होते, निवृत्त होऊन बराच काळ लोटला. दोन गोष्टी सांगावीशा वाटतात.

पहिली म्हणजे आमच्या काळी दादरला घड्याळापेक्षा डबेवाल्याची वेळ पाळली जायची. मुंबईत डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालत आलंय आणि ते चालतं ते कुणी कुणासाठी खोळंबत नाही म्हणून. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, पुढच्याला त्याच गाडीत चढायचं असतं. त्यामुळे डबा दारात तयार नसेल तर तो थांबत नसे, आणि त्याने थांबू नये हे आम्हालाही पटलेलं होतं. आपल्या पाच मिनिटांमुळे साखळीतल्या पुढच्या प्रत्येकाची पाच मिनिटं जातात. घरात हे आपण विसरतो. एकजण आंघोळीला उशिरा गेला की मागचे सगळे उशिरा.

दुसरी गोष्ट जरा विरोधाची आहे. सगळंच मोजू नका गं. नातवाशी बोलताना, शेजारीण दारात आली असताना, देवापुढे बसल्यावर घड्याळाकडे बघायची सवय लागली तर तो वेळ हातात असूनही मिळाला नाही असं होतं. मी शाळेत तासांच्या घंटेवर आयुष्य काढलंय, म्हणून हे कळकळीने सांगते.

आणि तुझ्या वहीत एक काम सुटलंय. आठवण ठेवण्याचं. बाळाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस कधी, सासऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या, कामवाल्या बाईंनी कोणत्या दिवसाची सुट्टी सांगितलीय, कुणाच्या लग्नाचा आहेर राहिलाय. हे काम करताना माणूस बसलेलं दिसतं, म्हणून ते कुणाच्याच नोंदीत येत नाही. पण ज्याच्या डोक्यात हे असतं त्याला विश्रांती नसते.

---

मोगरा

आजोळ, तुमचं म्हणणं पटलं. मोजणं कायमचं करायचं नाहीच. काही दिवस नोंदी ठेवायच्या, चित्र दिसलं की वही मिटायची, आणि घरात काही बदललं, म्हणजे बाळ झालं, नोकरी बदलली, कुणी आजारी पडलं, की पुन्हा उघडायची. गप्पांचा, पूजेचा वेळ आम्ही नोंदवलाच नाही.

आठवण ठेवण्याचं काम मात्र खरंच सुटलं होतं. ते कसं वाटून घ्यायचं? "तू सांग, मी करतो" म्हणणारा माणूस घरात असला तरी सांगण्याचं काम एकीकडेच राहतं.

---

रात्रपाळी

याचं उत्तर आमच्या कामात आहे म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे.

ड्यूटी बदलताना आम्ही ओव्हर देतो. नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून निघता येत नाही. प्रत्येक खाटेपाशी जाऊन सांगायचं: या रुग्णाचं सलाईन कधी संपेल, याचा रिपोर्ट यायचाय, याला रात्री ताप होता, याच्या नातेवाइकांना डॉक्टरांना भेटायचंय. ओव्हर घेणारीने ते ऐकलं की पुढची जबाबदारी तिची. ती मला घरी फोन करून "आता काय करू?" असं विचारत नाही. कामाबरोबर माहिती आणि निर्णय, दोन्ही तिच्याकडे जातात.

घरातही तसंच व्हायला हवं. नवऱ्याने मुलीला दवाखान्यात "नेणं" एवढंच काम घेतलं तर तारीख लक्षात ठेवणं, फाइल काढून देणं, डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगणं माझ्याकडेच राहतं. म्हणून आम्ही विषय वाटले, कामं वाटली नाहीत. मुलीचं आरोग्य पूर्ण त्यांच्याकडे. लसीकरणाचं कार्ड, गोळ्या-औषधं, दातांच्या डॉक्टरांची वेळ, सगळं. किराणा पूर्ण माझ्याकडे. ज्याचा विषय त्याने आठवण ठेवायची आणि दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. ते माझ्या पद्धतीने करत नाहीत, त्यांच्या पद्धतीने करतात. ते चालवून घ्यावं लागतं, नाहीतर विषय परत आपल्याकडे येतो.

पाळीच्या नोकरीबद्दल: आधी झोप लिहायची, मग बाकीचा दिवस. रात्रपाळीहून आल्यावर "आता घरी आहेच तर" म्हणून बँक, शाळा, गिरणी असं सगळं माझ्या माथी यायचं. सकाळी घरी असणारी बाई मोकळी असते असं सगळ्यांना वाटतं. आता त्या दिवशीची झोपेची वेळ दारावर लिहून लावते. शेजारच्याही ती पाळतात.

---

कल्याण_फास्ट

"विषय वाटले, कामं वाटली नाहीत" याला +१००. आजच घरी दाखवणार.

---

पाटावरवंटा

इतका विचार करण्यापेक्षा पोळ्या-भाजीला मावशी लावाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. दोघंही कमावत असतील तर परवडतं आणि सकाळचे दोन तास सरळ हातात येतात. मदत घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

---

मोगरा

पाटावरवंटा, मदत घ्यावी याच्याशी सहमत. आमच्याकडेही मावशी येतात. पण त्यांचाही दिवस बघायला हवा. त्या स्वतःच्या घरचं आवरून निघतात, सकाळपासून दुपारपर्यंत एकेक घर करत जातात, आणि घरी गेल्यावर पुन्हा स्वतःचा स्वयंपाक. आपले वाचलेले दोन तास त्यांच्या दिवसातून आलेले असतात.

म्हणून आमच्याकडे काही गोष्टी ठरलेल्या आहेत. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगायचं, कारण ऐनवेळी दहा पोळ्या वाढल्या की त्यांना पुढच्या घरी बोलणी बसतात. भाजी निवडून, कणकेचा डबा भरून, ओटा रिकामा करून ठेवायचा. त्या आल्यावर "थांबा हं, जरा दूध तापवते" असं म्हणायचं नाही. महिन्याच्या सुट्ट्या आधी ठरवायच्या आणि त्या दिवशी तोंड वाकडं करायचं नाही. हा आदर वेळेच्या नियोजनातच येतो असं मी मानते.

---

पाटावरवंटा

हे मान्य. ऐनवेळच्या पोळ्यांचा विचार या बाजूने केला नव्हता.

---

अभ्यासिका

मी राज्यसेवेची तयारी करतोय, पुण्यात पेठेत राहतो. इथे "किती तास बसतोस?" हा पहिला प्रश्न असतो. बारा तास, चौदा तास. खुर्चीवर बसलेले तास आणि अभ्यास झालेले तास यांचा संबंध फार सैल आहे. सकाळी जागा धरायला जायचं, मग चहा, मग चालू घडामोडींवर टपरीवर चर्चा, मग मेस, मग ग्रुपवर आलेली पीडीएफ उतरवून घेणं. हे सगळं अभ्यासातच धरलं जातं.

मी तास मोजणं सोडून काम मोजतो. आज राज्यव्यवस्थेचे अमुक दोन घटक, त्यावरचे मागच्या वर्षांचे प्रश्न, आणि चुकलेल्या प्रश्नांची वहीत नोंद. हे पुरं झालं की दिवस पुरा, मग संध्याकाळी सातला सुटलो तरी चालेल.

परीक्षेतला वेळ हा वेगळा विषय आहे. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न आणि २ तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून कमी. दुसऱ्या पेपरला ८० प्रश्न, २ तास, पण उतारे लांबलचक. चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापतात, म्हणून कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ठरवण्याचाही सराव लागतो. अडलेल्या एका प्रश्नावर चार मिनिटं घालवली तर पुढचे तीन सोपे प्रश्न हातचे जातात. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून हाताने, घड्याळ लावून उत्तरं लिहिल्याशिवाय इलाज नाही. मनात उत्तर येणं आणि ते ठरलेल्या वेळेत कागदावर उतरणं यात फार अंतर आहे.

घरच्यांना विनंती एकच. गावाकडून दिवसातून चार वेळा फोन नको. रात्री जेवणानंतर एकदा, निवांत. आईने हे समजून घेतलं, त्यामुळे आता आमचं बोलणं पहिल्यापेक्षा जास्त होतं.

---

द्राक्षबाग

सगळं वाचलं. नोकरदारांचं नियोजन घड्याळावर चालतं, आमचं हवामान आणि विजेवर. तरी नियोजन आहेच, फक्त वेगळं.

नाशिक जिल्ह्यात आमची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी कधी घ्यायची ते महिनाभर आधी ठरवतो, कारण मजूर टोळी तेव्हाच मिळते. पण छाटणीनंतर पाऊस लागला, ढगाळ राहिलं की डाऊनी रोगाची भीती, मग फवारणी त्याच दिवशी हवी. दुसऱ्या दिवशी करू म्हणून चालत नाही. भाजीपाल्याच्या रानात काम करायचं तर वापसा यावा लागतो, म्हणजे मातीतली ओल बेताची व्हावी लागते. ओल्या रानात औत घालता येत नाही, घातलं तर ढेकळं होतात आणि वर्षभर निस्तरावं लागतं. कृषिपंपाची वीज आठवडे बदलून कधी दिवसा, कधी रात्री. रात्री असली तर पाणी रात्रीच द्यायचं.

अशात "सोमवारी हे, मंगळवारी ते" असं लिहून उपयोग नाही. आम्ही दोन याद्या ठेवतो. एक, संधी मिळाली की ताबडतोब करायची कामं: फवारणी, पाणी, पेरणी. दुसरी, संधी नसताना करायची कामं: ठिबकचे फिल्टर धुणं, नळ्या मोकळ्या करणं, ब्लोअरचे नोझल तपासणं, औषधांचा साठा बघणं, पावत्या लावणं. पावसाने दिवस रिकामा गेला की दुसरी यादी काढायची. फवारणीच्या दिवशी नोझल चोंदलेला निघाला तर तो दिवस पाण्यात जातो, म्हणून खरं नियोजन दुसऱ्या यादीत असतं.

फक्त दूध घड्याळावर. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी धार काढायची, संकलन केंद्रावर गाडी यायच्या आत कॅन पोचला पाहिजे. आमच्याकडे हे काम आई आणि मंडळी करतात. मोगराताई, तुमचे आकडे वाचून रात्री घरात विषय काढला. गोठा, स्वयंपाक आणि बागेतलं थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, हे तिन्ही त्यांच्याकडे आहे. मजूर बायका संध्याकाळी घरी जातात, आमच्या घरच्या बायका गोठ्यात जातात. संध्याकाळची धार आता मी आणि धाकटा भाऊ काढणार असं ठरलंय.

---

आजोळ

द्राक्षबाग, हे वाचून फार बरं वाटलं. देव तुमच्या बागेला यश देवो.

---

इसारकाठ

म्युनिकहून लिहितेय. इथे काही गोष्टी कायद्यानेच ठरलेल्या आहेत. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे किराणा शनिवारी आणायचाच. कामाचे तास साधारण दिवसाला ८, फार तर १०, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढच्या दिवसाचं सुरू होईपर्यंत ११ तासांची विश्रांती. पाळणाघर ठरलेल्या वेळी बंद होतं, तिथे उशीर चालत नाही. माझे वरिष्ठ बैठकीतून उठून "मुलाला आणायला जायचंय" असं सांगून निघतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

भारतातल्या टीमबरोबर काम करताना मला याची उलटी बाजू दिसते. इथली दुपार म्हणजे तिथली संध्याकाळ. "पाच मिनिटं कॉलवर या" असं इथून सहज म्हटलं जातं आणि तिकडे कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आमच्या टीममध्ये मी मुद्दा लावून धरला आणि भारतातल्या संध्याकाळी साडेसहानंतर बैठक ठेवायची नाही हे ठरवून घेतलं. घरातल्या वेळेची चर्चा करताना कार्यालयाला मोकळं सोडू नका असं मला सुचवायचंय. जो वेळ कचेरी घरातून उचलून नेते तो नवरा-बायकोने आपसात कितीही वाटला तरी पुरणार नाही.

---

रात्रपाळी

इसारकाठ, अगदी खरं. आमच्याकडे एखादी बदली ड्यूटी आयत्या वेळी लागली की चार घरांचं वेळापत्रक बदलतं. ज्या वॉर्डात महिन्याचा तक्ता आधी लागतो तिथल्या मुली कमी दमलेल्या दिसतात. काम तेवढंच असतं.

---

रमाबाग

समासात लिहायची युक्ती चालू केली आहे. "पुढचं उदाहरण सोडवायचं" एवढं वाचूनही हात लगेच सुरू होतो.

मोगरा, तुमच्या वहीचे रकाने सविस्तर द्याल का? आम्हीही ठेवून बघणार आहोत. आणि वही कुठे ठेवता? आमच्याकडे अशा वह्या दोन दिवसांनी दिसेनाशा होतात.

---

मोगरा

देते ना. आता सुधारलेले रकाने असे: काम, कोणी केलं, सुरू, संपलं, किती लागेल असं वाटलं होतं (शून्यप्रहर यांचा), मध्ये उठावं लागलं का, आणि कुणाला आठवलं (आजोळ यांचा). शेवटच्या रकान्यात ज्याने काम केलं त्याचं नाही, ज्याला ते करायला हवं हे सुचलं त्याचं नाव लिहायचं. पानावर दोन रंगांची पेनं वापरा, म्हणजे मोजत बसावं लागत नाही, नुसत्या नजरेने कळतं. लगेच लिहिणं जमलं नाही तर जेवणानंतर दोघांनी मिळून आठवून लिहा, पण दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

वही स्वयंपाकघरात ठेवू नका. तिथे ती एकाच माणसाच्या हाताला लागते. आमची दाराजवळ चपलांच्या कपाटावर असते, पेनं दोऱ्याने बांधलेली. येता-जाता सगळ्यांना दिसते आणि मुलगीही स्वतःचं लिहिते. रमाबाग, काय दिसतंय ते इथे नक्की कळवा.